अंगणातील बारमाही सुगंध

घराच्या दर्शनी बाजूस तुळशीवृंदावन, कुंपणालगत पारिजातक, विहिरीच्या कठड्याजवळ मोगरा आणि मागील दारी न्हाणीच्या पाण्यावर माजलेला सोनटक्का, हे महाराष्ट्रातील जुन्या घरांचे परिचित चित्र होय. देवपूजेची फुले, लेकीसुनांच्या वेण्या आणि सणावाराचे हार यांची गरज परसदारीच भागत असे. कालमानाप्रमाणे हे चित्र बदलले. अंगणात फरशी आली, परसाच्या जागी खोली उभी राहिली आणि फुले फुलपुडीतून विकत येऊ लागली. जेथे थोडीफार बाग केली जाते, तेथेही रंगीत पानांच्या शोभिवंत झाडांनाच बहुधा पसंती मिळते.

फुलझाडे का लावली नाहीत, असे विचारले असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. ते म्हणजे, पाणी नाही. ज्या गावात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते आणि हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना लांबवर चालावे लागते, तेथे फुलझाडांना पाणी घालण्याची गोष्ट अप्रस्तुत वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अशाच गावांतून न्हाणीघरांचे सांडपाणी गल्लीत वाहताना दिसते. त्याची डबकी साचतात, त्यांत डासांची पैदास होते आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत त्याविषयी तक्रारी येतात. एकीकडे पाण्याचा तुटवडा आणि दुसरीकडे वापरलेल्या पाण्याचा उपद्रव, अशी ही विसंगती आहे. ती काही प्रमाणात दूर करण्याचे साधन घरोघरच्या मोरीच्या तोंडाशीच उपलब्ध आहे. जागेला व पाण्याला मानवतील अशी सुवासिक फुलझाडे निवडली आणि त्यांना घरातील वापरलेले पाणी नियमाने दिले, तर पिण्याच्या पाण्याचा तांब्याही खर्च न करता वर्षातील प्रत्येक ऋतूत अंगणात फुले मिळू शकतात.

बहुवर्षायू झाडेच का?

झेंडू, ॲस्टर यांसारख्या हंगामी फुलांसाठी दर वर्षी नवे बी, नवे वाफे आणि नवी मेहनत लागते. मोगरा, जुई, पारिजातक, निशिगंध, सोनटक्का ही झाडे मात्र बहुवर्षायू आहेत. एकदा नीट लावली की ती वर्षानुवर्षे फुलत राहतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्यांना जपावे लागते. पुढे मुळे खोल गेल्यावर यांतील पुष्कळशी झाडे पाण्याचा ताण सहन करतात. ज्या कुटुंबाला बागेसाठी वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे असतात, त्याला ही झाडे अधिक परवडतात.

या झाडांचा गंध हा निसर्गाच्या व्यवहाराचा एक भाग आहे. परागीकरणासाठी कीटकांना आकर्षित करणे हे गंधाचे मुख्य कार्य होय. आपल्याकडील बहुतेक तीव्र सुगंधी फुले पांढरी असून ती सायंकाळी किंवा रात्री उमलतात. अंधारात रंग निरुपयोगी ठरतो. पांढऱ्या पाकळ्या व दूरवर पसरणारा गंध मात्र निशाचर पतंगांना वाट दाखवितो. मधुमालतीचे फूल याचे उत्तम उदाहरण आहे. ते सायंकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल होते. त्याचा गंध प्रामुख्याने पहिल्या रात्री, म्हणजे फूल पांढरे असताना दरवळतो.

मोगरा, जाई, जुई या फुलांचा आणखी एक विशेष आहे. त्यांच्या कळ्या खुडल्यानंतरही उमलतात आणि गंध देत राहतात. म्हणूनच गजऱ्यासाठी दिवसा टपोऱ्या कळ्या तोडल्या जातात व गजरा सायंकाळी फुलतो. पारिजातकाची गोष्ट निराळी. त्याची फुले संध्याकाळी उमलून पहाटे आपोआप गळतात. जमिनीवर पडलेली फुले पूजेस सामान्यतः चालत नाहीत. परंतु पारिजातकाच्या बाबतीत परंपरेनेच अपवाद केला आहे. सत्यभामेच्या अंगणात लावलेल्या या झाडाचा सडा रुक्मिणीच्या अंगणात पडे, ही कथाही सर्वश्रुत आहे.

ऋतुमानानुसार निवड

एकाच प्रकारची दहा झाडे लावल्यास महिना-दोन महिने फुलांची रेलचेल होते आणि उरलेले वर्ष अंगण मुके राहते. त्याऐवजी निरनिराळ्या ऋतूंत फुलणारी चार-पाच झाडे निवडावीत.

उन्हाळा हा मोगऱ्याचा ऋतू आहे. फाल्गुन-चैत्रापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्याचा मुख्य बहर असतो. पांढरा चाफाही याच काळात निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास अनंत उमलतो. कोकणात उन्हाळ्याच्या आरंभी सुरंगीच्या खोडाफांद्यांवर फुलांचे झुबके लगडतात. सिंधुदुर्गाच्या बाजारात या दिवसांत सुरंगीचे वळेसर विक्रीस येतात.

पावसाळ्यात जुई व जाई बहरतात. सोनचाफ्याला चांगली फुले येतात. पावसाची सर पडून गेल्यावर काही दिवसांनी कुंतीची झुडपे एकदम पांढरीशुभ्र होतात. श्रावणापासून आश्विनापर्यंत सोनटक्का आणि त्याच सुमारास निशिगंध फुलतो.

भाद्रपद ते कार्तिक हा पारिजातकाचा काळ. गणपती, नवरात्र व दिवाळी हे मोठे सण याच काळात येतात आणि फुलांचे बाजारभावही तेव्हा चढे असतात. अशा वेळी दारचा पारिजातक आणि निशिगंधाचा एक वाफा यांचा आधार मोठा असतो.

हिवाळ्यात कुंदाची झुडपे चांदण्यांसारख्या फुलांनी भरून जातात. त्याचा गंध मंद असतो, पण अन्य सुवासिक फुले कमी असण्याच्या दिवसांत तो येतो, हे त्याचे महत्त्व. गावठी गुलाब व शेवंती यांचीही जोड या ऋतूस देता येते.

नावांचा घोळ

रोपे विकत घेताना नावांमुळे बराच गोंधळ होतो. मराठीत ज्या वेलीला जाई म्हणतात, तिलाच हिंदी भाषकांत चमेली हे नाव आहे. त्यामुळे नावावर विसंबून न राहता पान पाहून रोप घ्यावे. मोगऱ्याचे पान साधे, रुंद व गुळगुळीत असते. जाईचे पान संयुक्त असून त्यात सामान्यतः सात ते नऊ पर्णिका असतात आणि कळीच्या बाहेरील बाजूस गुलाबी छटा दिसते. जुईच्या पानात मधली पर्णिका मोठी असून तिच्या देठाशी कानांसारख्या दोन चिमुकल्या पर्णिका असतात. कुंदाचे पान साधे व लवयुक्त असते. मोगऱ्यातही एकेरी, बटमोगरा व हजारी असे प्रकार आहेत. गजऱ्यासाठी टपोऱ्या कळीचा मोगरा सोयीचा असतो.

निशिगंधात एकेरी व दुहेरी असे दोन मुख्य प्रकार आहेत. दुहेरी फुले फुलदाणीत अधिक शोभून दिसतात. सुवास मात्र एकेरी प्रकारात जास्त असतो आणि सुट्या फुलांसाठीही तोच उपयुक्त ठरतो. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शृंगार व प्रज्वल, तसेच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी या एकेरी जाती प्रचलित आहेत.

जमीन व लागवड

सुवासिक फुलझाडांना सर्वसाधारणपणे भरपूर ऊन व पाण्याचा चांगला निचरा लागतो. दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन न मिळाल्यास मोगऱ्याची पाने वाढतात, कळ्या मात्र धरत नाहीत. ‘झाड हिरवेगार आहे, पण फुलत नाही’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

मराठवाडा, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागातील काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते. तेथे खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम घालावा आणि झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावावे. सोनचाफ्याच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे, कारण मुळाशी पाणी साचलेले त्याला मुळीच खपत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत निचरा उत्तम असतो, परंतु पाणी व अन्नद्रव्ये लवकर झिरपून जातात. तेथे शेणखत, गाळाची माती व पालापाचोळा यांचे प्रमाण वाढवावे.

चुनखडीच्या जमिनीत आणखी एक अडचण उद्‌भवते. अशा जमिनीतील लोह झाडाला घेता येत नाही. परिणामी कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत व मोगरा यांवर हे लक्षण वारंवार दिसते. पाणी कमी पडल्याची समजूत करून घेऊन अधिक पाणी घातले जाते आणि झाड आणखी खंगते. यावर शेणखताचे प्रमाण वाढवणे हा मूळ उपाय असून, तात्पुरता उपाय म्हणून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात विरघळवून पानांवर फवारावे. अनंत हे आम्लधर्मी मातीचे झाड असल्याने चुनखडीच्या गावात ते कुंडीतच लावलेले बरे.

मोगरा, जाई, जुई व कुंद यांसाठी उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो काही दिवस तापू द्यावा. नंतर चांगले कुजलेले शेणखत सुमारे दहा किलो व पोयटा माती यांनी तो भरावा आणि पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे. दोन झुडपांत चार ते पाच फूट अंतर ठेवावे. रोपे विकतच आणली पाहिजेत असे नाही. शेजारच्या मोगऱ्याची जमिनीलगतची फांदी वाकवून पावसाळ्यात मातीत दाबून ठेवल्यास तिला मुळे फुटतात. पुढे ती मूळ झाडापासून तोडून लावता येते. जाई-जुईच्या वेलींनाही दाब कलमाची ही पद्धत लागू पडते. गावात एका घरी चांगला मोगरा असेल, तर या रीतीने दोन-तीन वर्षांत तो अनेक घरी पोहोचू शकतो.

सांडपाण्याचा योग्य उपयोग

घरातील सर्व सांडपाणी एकाच प्रतीचे नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तांदूळ, डाळी व भाजीपाला धुतलेले पाणी सर्वांत चांगले. ते कोणत्याही झाडाला निर्धास्तपणे द्यावे. आंघोळीच्या पाण्यात साबणाचा अंश थोडा असल्याने तेही चालते. कपडे धुण्याच्या चुऱ्याचे पाणी मात्र सावधगिरीने वापरावे लागते. त्यातील सोडियमच्या क्षारांमुळे माती घट्ट होते, निचरा बिघडतो आणि पानांच्या कडा करपतात. असे पाणी द्यावयाचे झाल्यास दुसऱ्या-तिसऱ्यांदा खळबळलेल्या कपड्यांचे द्यावे, रोज एकाच झाडाला देऊ नये आणि अधूनमधून साधे पाणी घालावे. पावसाळ्यात साचलेले क्षार बऱ्याच अंशी धुऊन जातात. शौचालयाचे पाणी बागेकडे कदापि वळवू नये.

मोरीतून निघणारे पाणी प्रथम एका लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे. खड्ड्यात खाली विटांचे मोठे तुकडे, मध्ये खडी व वर जाड वाळू असे थर द्यावेत. तेलकट अंश व केरकचरा तेथे अडतो. वाळूचा वरचा थर काही महिन्यांनी काढून धुवावा किंवा बदलावा. पाणी साठवून न ठेवता त्याच दिवशी जमिनीत मुरू द्यावे. साठविल्यास दुर्गंधी सुटते व डास होतात.

हिशेब साधा आहे. पाच झुडपांना उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा प्रत्येकी अर्धी बादली पाणी दिले, तर आठवड्यास पाच बादल्या लागतात. चार-पाच माणसांच्या घरात तांदूळ-भाजी धुण्याचे व आंघोळीचे मिळून याहून कितीतरी अधिक पाणी वाहून जाते. आळ्यात वाळलेला पाला, भाताचे तूस किंवा उसाचे पाचट यांचे चार बोटे जाड आच्छादन घातल्यास ओलावा अधिक काळ टिकतो आणि पाण्याच्या पाळ्या लांबविता येतात.

अतिटंचाईच्या गावात मडक्याची पद्धत उपयोगी पडते. साधे, न रंगविलेले मातीचे मडके झाडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे व तोंड झाकणीने बंद करावे. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरून मुळांशी पोहोचते व उन्हाने वाया जात नाही. या पद्धतीसाठी स्वच्छ, साबणविरहित पाणीच घ्यावे, अन्यथा मडक्याची छिद्रे बुजतात. झाकण ठेवण्यास विसरू नये. डेंग्यूचा प्रसार करणारा डास उघड्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या बशांतील पाणीही याच कारणास्तव आठवड्यातून एकदा तरी ओतून बशा कोरड्या कराव्यात.

छाटणी व निगा

मोगऱ्याला भरघोस फुले येणे हे मुख्यतः छाटणीवर अवलंबून असते. कळ्या नव्या फुटीवर येतात; जुनी लाकडे तशीच ठेवली तर झाड नुसतेच वाढते. यासाठी मार्गशीर्षाच्या सुमारास पाणी तोडावे व झाडाला विश्रांती द्यावी. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत झुडूप जमिनीपासून एक ते दीड फुटावर छाटावे, रोगट व वाळक्या फांद्या काढाव्यात, उरलेली पाने खुडावीत. आळे खांदून मुळे चार-सहा दिवस उन्हाने तापू द्यावीत, मग झुडपास दहा किलो शेणखत घालून पाणी सुरू करावे. फाल्गुनात कळ्या दिसू लागतात. हिरव्यागार झाडावर कात्री चालविण्यास मन धजत नाही, त्यामुळे हे काम टाळले जाते आणि पुढे झाडाला दोष दिला जातो. जाई-जुईची छाटणीही हिवाळ्यातच करावी. त्यांना मांडव किंवा जाळीचा आधार द्यावा.

निशिगंधाचे कंद उन्हाळ्यात किंवा, पाण्याची सोय नसल्यास, पावसाच्या आरंभी लावावेत. सुपारीहून मोठे, निरोगी कंद निवडून वीतभर अंतरावर व दोन इंच खोल लावावेत. सुमारे तीन महिन्यांनी दांडे येतात. तीन वर्षांनी कंदांची गर्दी होऊन दांडे आखूड येऊ लागले की सर्व कंद खणून, वेगळे करून नव्या जागी लावावेत. उरलेले शेजाऱ्यांस देता येतात. सोनटक्क्याचे गड्डे जूनमध्ये वेगळे करून लावावेत. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापावा, म्हणजे नव्या फुटीस वाव मिळतो. ओलसर जागा त्याला विशेष मानवते, म्हणून गाळण-खड्ड्याच्या पुढील चर हीच त्याची जागा.

पांढऱ्या चाफ्याची लागवड सर्वांत सोपी आहे. उन्हाळ्यात, पाने गळलेली असताना, दीड-दोन फुटांची फांदी कापावी, चीक वाळण्यासाठी आठवडाभर सावलीत ठेवावी व मग लावावी. तिला फार पाणी घालू नये. पाण्याने ती कुजते. चीक अंगाला लागल्यास खाज सुटते, एवढी काळजी घ्यावी. पारिजातक बियांपासून होतो. त्याच्या चपट्या फळात दोन बिया असतात. तोही उन्हाळ्यात पाने गाळून तग धरतो. सोनचाफ्याचे मात्र कलमच घ्यावे. बियांच्या झाडास फुलांवर येण्यास बरीच वर्षे लागतात. कलमे एक-दोन वर्षांत फुलू लागतात आणि छाटणीने त्यांची उंची माणसाच्या आवाक्यात ठेवता येते.

उन्हाळ्यात पानांच्या मागील बाजूस लाल कोळी दिसल्यास पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन त्यांना छिद्रे दिसली, तर कळी पोखरणारी अळी पडली असे समजावे. अशा कळ्या रोजच्या रोज खुडून नष्ट कराव्यात आणि निंबोळी अर्काची फवारणी करावी. त्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून घ्यावी. घरच्या बागेत विषारी औषधांचा वापर टाळणेच इष्ट, कारण ही फुले देवाला वाहिली जातात, केसांत माळली जातात आणि मुलांच्या हाती जातात.

काही सावधगिरीच्या गोष्टी

सुगंधी झाड सर्वत्र निर्दोष असतेच असे नाही. रातराणीची फळे विषारी आहेत आणि तिच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते. ती खिडकीलगत किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी लावू नये. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर प्राणघातक ठरू शकतात. शाळेच्या आवारात ही झाडे असता कामा नयेत.

संत्रा-मोसंबीच्या पट्ट्यात कुंतीविषयी विशेष दक्षता हवी. संत्र्यावरील सिट्रस सिला ही कीड कुंतीवर आवडीने वाढते आणि हीच कीड संत्र्याच्या ‘ग्रीनिंग’ या घातक रोगाचा प्रसार करते. तेव्हा नागपूर-अमरावतीकडील बागायती गावांत कुंपणासाठी कुंतीऐवजी मोगरा किंवा कुंद लावणे श्रेयस्कर.

शाळा व सार्वजनिक जागा

शाळेच्या बागेची खरी परीक्षा उन्हाळी सुट्टीत होते. जूनमध्ये विद्यार्थ्यांनी हौसेने लावलेले रोप मे महिन्यात पाण्यावाचून वाळते. यासाठी शाळेत झाडे निवडताना सुट्टीचाच विचार आधी करावा. पांढरा चाफा व पारिजातक ही झाडे एक-दोन वर्षांनी सुट्टीचा ताण सोसतात. मोकळे मैदान असल्यास बकुळ लावावी. ती सावकाश वाढते, पण दाट सावली देते आणि तिची फुले वाळल्यावरही गंध सोडत नाहीत. पहिल्या दोन सुट्ट्यांसाठी मडक्याची पद्धत वापरावी आणि जवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्याच्या पाळ्या लावून द्याव्यात. मोगऱ्याची कळी किती वाजता उमलते, मधुमालतीचा रंग कसा बदलतो, पारिजातकाचा सडा कोणत्या तिथीपासून पडू लागतो, यांच्या नोंदी विद्यार्थ्यांनी ठेवल्यास निसर्गाचे शिक्षण अंगणातच होते.

ग्रामपंचायतींना यात दोन कामे सहज करता येण्याजोगी आहेत. सार्वजनिक नळकोंडाळे व हातपंप यांभोवती सांडणारे पाणी चराने वळवून तेथे सोनटक्का लावावा व थोड्या अंतरावर मोगऱ्याची रांग करावी, हे पहिले काम. त्यामुळे चिखल व डबकी कमी होतात. दुसरे काम म्हणजे दर पावसाळ्याच्या आरंभी गावातल्या गावात कलमे व कंद यांची देवाणघेवाण घडवून आणणे. महिला बचत गटांकडे हे काम सोपविल्यास ते अधिक चांगले होईल. फुले घरच्या गरजेहून अधिक निघू लागल्यास त्यांना बाजारही मिळतो. पालघर जिल्ह्याच्या जव्हार, विक्रमगड परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड करून मुंबईच्या दादर येथील फूलबाजारापर्यंत मजल मारली आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, त्यांची संशोधन केंद्रे व कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडून त्या त्या भागास योग्य जातींचे मार्गदर्शन मिळू शकते.

दहा फूट अंगणाचा आराखडा

ज्यांच्याकडे दहा फूट लांब व तितकीच रुंद जागा आहे, त्यांनी एका कोपऱ्यात, भिंतीपासून पाच-सहा फूट दूर, पारिजातक लावावा. दाराच्या दोन्ही बाजूंस मोगऱ्याची एकेक झुडपे, कुंपणाच्या तारेवर जुई, उन्हाच्या बाजूस वीस कंदांचा निशिगंधाचा वाफा, मोरीच्या चराशी सोनटक्का आणि उरलेल्या कडेस कुंद, एवढी झाडे तेवढ्या जागेत सामावतात. पारिजातक मोठा होऊ लागला की दर वर्षी बहर संपल्यावर छाटून आटोक्यात ठेवावा. ज्यांना अंगणच नाही, त्यांनी फूट-दीड फूट व्यासाच्या कुंड्यांत मोगरा, अनंत व निशिगंध लावावेत. उन्हाची गॅलरी त्यांना पुरते.

अशा बागेस लागणारा खर्च थोडा आहे. शेजाऱ्याकडून आणलेली फांदी, गोठ्यातील खत आणि आजवर गल्लीत सोडून दिलेले पाणी एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते. येत्या पावसाळ्यात ज्या घराच्या मोरीचे पाणी रस्त्यावर न येता सोनटक्क्याच्या मुळाशी मुरेल, त्या घराच्या दारात पुढील श्रावणात फुले असतील आणि त्याच्या समोरची गल्लीही कोरडी राहील.